शाळेच्या दारातला जलकुंभ

नाशिक शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून मिळते. पण आपण नळ सोडला की पाणी थेट धरणातून येत नाही. ते आधी वस्तीजवळच्या जलकुंभात साठते आणि तेथून घरोघरी जाते. जलकुंभ एकदा बांधला की काम संपले असेही नाही. तो धुवावा लागतो, पातळी पाहावी लागते, जुने व्हॉल्व्ह बदलावे लागतात.

संगणकांच्या प्रयोगशाळेतही असा जलकुंभ बांधता येतो. त्याचे नाव 'कॅशिंग प्रॉक्सी सर्व्हर'. प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा आणि कॅश म्हणजे हाताशी ठेवलेला साठा. विद्यार्थ्याने एखादे पान मागितले की प्रॉक्सी ते इंटरनेटवरून आणतो, विद्यार्थ्याला देतो आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. पुढच्या विद्यार्थ्याला तीच प्रत मिळते. पाणी वापरले की संपते; प्रत मात्र कितीही जणांना दिली तरी संपत नाही.

साठा कशासाठी?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या काळातील जोडण्या फार संथ होत्या. समजा, एका शाळेत ३० संगणक आहेत आणि सर्वांना मिळून सेकंदाला ६४ किलोबिटची एकच जोडणी आहे. २०० किलोबाइटचे पान म्हणजे १६०० किलोबिट. ते एकदा यायला २५ सेकंद लागतील आणि तीस वेळा यायला ७५० सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटे. तासाचा तिसरा हिस्सा वाट पाहण्यातच गेला! आता शिक्षकांनी तासापूर्वी ते पान प्रॉक्सीमार्फत एकदा उघडून ठेवले तर? शाळेतले अंतर्गत जाळे सेकंदाला १० मेगाबिटचे असले, तरी तीसही प्रती सुमारे पाच सेकंदांत पोहोचतील.

हे काम करणारी 'स्क्विड' ही आज्ञावली १९९६ साली अमेरिकेतील 'हार्वेस्ट' या संशोधन प्रकल्पातून पुढे आली. स्क्विड म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचे माकूळ. ती लिनक्सवर चालते आणि मूळ संकेतासह विनामूल्य मिळते.

ताजे की शिळे?

साठ्याबरोबर एक प्रश्न येतोच. मूळ पान बदलले आणि आपल्याजवळ जुनीच प्रत असली तर? दहावीच्या परीक्षेचे बदललेले वेळापत्रक विद्यार्थ्याला जुनेच दिसले, तर नुकसान त्याचे होईल.

पान किती काळ ताजे समजावे हे पुष्कळदा मूळ सर्व्हरच सांगतो. त्याने सांगितले नसेल तर स्क्विड एक साधा अंदाज वापरते : जे बरेच दिवस बदललेले नाही, ते लगेच बदलण्याची शक्यता कमी. नेहमीच्या मांडणीत पान आणताना त्याचे जे वय असेल, त्याच्या २० टक्के काळ ते ताजे धरले जाते. मात्र जास्तीत जास्त तीन दिवस. पान दहा दिवसांपूर्वी बदललेले असेल तर प्रत दोन दिवस चालते. तासाभरापूर्वी बदललेले असेल तर फक्त बारा मिनिटे. मुदत संपली की स्क्विड मूळ सर्व्हरला विचारते, "यानंतर काही बदल झाला का?" उत्तर 'नाही' असेल तर पूर्ण पान पुन्हा आणावे लागत नाही.

निगा

साठ्याची जागा ९० टक्के भरली की बराच काळ न मागितलेल्या प्रती आपोआप काढल्या जातात. पण नोंदवही, म्हणजे लॉग, वाढतच जाते. तिची पाने वेळोवेळी उलटण्याची व्यवस्था केली नाही तर डिस्क भरते आणि प्रॉक्सी बंद पडतो. डिस्क मोठी घेतली तर स्मृतीही वाढवावी लागते, कारण कोणती प्रत कोठे आहे याची सूची स्मृतीत असते. एक गिगाबाइट साठ्यामागे सुमारे १० ते १४ मेगाबाइट स्मृती धरावी. प्रॉक्सीची सेवा शाळेच्या जाळ्यापुरतीच खुली ठेवावी; नाहीतर बाहेरचे लोक आपल्या नावावर उद्योग करतील.

नवी आवृत्ती का घ्यावी?

चालते आहे ते कशाला बदला, असे वाटणे साहजिक आहे. पण २०२३ साली एका अभ्यासकाने स्क्विडमधील पन्नासहून अधिक सुरक्षादोष जाहीर केले. असे दोष दुरुस्त होतात ते नव्या आवृत्त्यांमध्येच. बदल करताना एक भेद लक्षात ठेवावा : साठा टाकून देता येतो, मांडणी टाकता येत नाही. साठ्यात केवळ प्रतीच असतात, त्या पुन्हा येतील. मांडणीच्या फाइलमध्ये मात्र आपले सगळे नियम असतात. म्हणून तिची प्रत आधी बाजूला ठेवावी, नव्या आवृत्तीत कोणत्या सूचना रद्द झाल्या ते वाचावे, मांडणी तपासण्याची आज्ञा देऊन चुका पाहाव्यात आणि मगच जुनी आवृत्ती थांबवावी. हे काम सुट्टीच्या दिवशी केलेले बरे. रिकामा साठा भरेपर्यंत थोडे दिवस वेग कमी वाटेल.

आज उपयोग काय?

आता बहुतेक संकेतस्थळे मजकूर कुलूपबंद करून पाठवतात. प्रॉक्सी ते पाकीट पोहोचवतो, पण उघडू शकत नाही. त्यामुळे साठवूही शकत नाही. प्रत्येक संगणकावर विशेष प्रमाणपत्र बसवून कुलूप उघडता येते. पण मग विद्यार्थ्यांचे खासगी व्यवहारही उघडे पडतात, म्हणून तो मार्ग टाळावा. मात्र डेबियन आणि उबुंटू यांची अद्ययावत पॅकेजे आजही साध्या मार्गाने येतात, कारण त्यांचा खरेपणा स्वाक्षरीने तपासला जातो. तीस संगणकांसाठी ती एकदाच आणावीत. त्यासाठी साठवायच्या फाइलची कमाल मर्यादा वाढवावी लागते. मूळची फक्त चार मेगाबाइट असते.

करून पाहा

प्रॉक्सीच्या एका दिवसाच्या नोंदी घ्या. त्यात अनेक मागण्यांपुढे 'हिट' किंवा 'मिस' असा शेरा असतो. कोणी काय पाहिले हे वर्गात उघड होऊ नये म्हणून संगणकांचे क्रमांक आणि पत्ते आधी पुसून टाका. मग विद्यार्थ्यांना हिटची टक्केवारी काढू द्या आणि विचारा : ही टक्केवारी शंभर झाली तर ती चांगली गोष्ट असेल का?