चेअरचे गणगोत

मुंबईच्या फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कलजवळ, सेंट थॉमस कथीड्रल उभे आहे. चर्चगेट हे नाव ज्या चर्चमुळे पडले ते हेच. जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट जाई, तो चर्चगेट. चर्च १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले, पण कथीड्रल झाले थेट १८३७ साली. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत त्या वास्तूला काय कमी होते? एक खुर्ची. १८३७ साली मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला, त्याचे आसन या चर्चमध्ये आले, आणि चर्चचे कथीड्रल झाले.

कथीड्रल म्हणजे भव्य चर्च, असे आपण धरून चालतो. भव्यतेशी त्याचे काही देणेघेणे नाही. लॅटिनमध्ये ‘कथेड्रा’ म्हणजे खुर्ची, आणि ‘कथीड्रल’ हे मुळात विशेषण: खुर्ची असलेले चर्च. जुन्या गोव्यातले से कथीड्रल तर याबाबतीत विलक्षणच. १५६२ साली त्याचे काम सुरू झाले आणि १६१९ साली पुरे झाले. त्याच्या नावातला ‘से’ हा पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘सेदेस’वरून आला, आणि ‘सेदेस’ म्हणजेही बसायची जागा. एवढ्या प्रचंड वास्तूच्या नावात एकही शब्द भिंतीचा, घुमटाचा किंवा देवाचा नाही. दोन्ही शब्द आसनाचेच.

इंग्रजीतली आपल्या ओळखीची ‘चेअर’ ही याच कथेड्राची लेक.

मूळ शब्द ग्रीक. ‘काता’ म्हणजे खाली, ‘हेड्रा’ म्हणजे बैठक. दोन्ही मिळून ‘काथेड्रा’. रोममध्ये हा शब्द पोचला तेव्हा तो प्रामुख्याने स्त्रियांच्या आरामशीर, बिनहातांच्या खुर्चीसाठी वापरात होता. पुढे तो शिक्षकाच्या आसनाला लागला, कारण त्या काळी शिकवणारा बसून शिकवत असे. बिशप हाही धर्माचा शिक्षकच, म्हणून शब्द त्याच्या आसनापर्यंत गेला. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात एक जुने लाकडी सिंहासन आहे, नवव्या शतकातले. शिल्पकार बेर्निनीने सतराव्या शतकात त्याच्याभोवती ब्राँझचे अवाढव्य शिल्प उभारले. एका खुर्चीवर घातलेली ती खुर्चीच आहे! १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवले, की पोप ‘एक्स कथेड्रा’, म्हणजे खुर्चीवरून, श्रद्धेबद्दल किंवा नीतीबद्दल बोलतो तेव्हा त्याचा शब्द अचूक मानावा. त्यासाठी त्याने प्रत्यक्ष त्या लाकडावर बसायची गरज नाही. खुर्ची तोवर वस्तू राहिलीच नव्हती, अधिकार झाली होती.

माझ्या मते या शब्दाच्या सगळ्या प्रवासाची किल्ली इथे आहे. पाठ टेकायला मिळणारी खुर्ची युरोपात कित्येक शतके दुर्मीळ होती. सामान्य माणसे बाकावर, तिवईवर, पेटाऱ्यावर बसत. खुर्ची एकाची, आणि बाकीचे उभे. १८५९ साली थोनेट कंपनीने वाफेवर वाकवलेल्या लाकडाची सुटी होणारी खुर्ची काढली. एक घनमीटरच्या खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या मावत. तिच्यासारख्या स्वस्त खुर्च्यांनी हॉटेले आणि घरे भरली, पण तोवर शब्दाच्या अंगात मान मुरला होता.

लॅटिनमधून निघाल्यावर कथेड्राच्या वाटा फुटल्या. फ्रेंच लोकांच्या तोंडी सुरुवातीच्या ‘क’चा ‘श’ किंवा ‘च’ झाला, मधली व्यंजने झिजली, आणि ‘शेअर’सारखे काहीतरी उरले, तेच इंग्रजीत ‘चेअर’ होऊन बसले. पुढे पॅरिसकरांना दोन स्वरांमधला ‘र’ ‘झ’सारखा उच्चारायची सवय लागली. ती सवय बहुतेक शब्दांतून गेली, पण ‘शेझ’मध्ये टिकली. मग फ्रेंचांनी वाटणी केली: घरातली खुर्ची ‘शेझ’, आणि प्राध्यापकाची किंवा धर्मोपदेशकाची ती जुनी ‘शेअर’. इंग्रजांनी ‘शेझ’ही उचलला आणि हलक्या घोडागाडीला दिला. अमेरिकेत काहींना त्यातला शेवटचा ‘झ’ अनेकवचनाचा वाटला, म्हणून एका गाडीला त्यांनी ‘शे’ म्हणायला सुरुवात केली.

स्पेनमध्ये तर शब्द शरीरावरच चढला. तिथे ‘कादेरा’ म्हणजे नितंब, कमरेचा खुबा; बसताना जे टेकते ते. पोर्तुगीजांनी मात्र ‘कादेइरा’ खुर्चीसाठी ठेवला, जहाजातून गोव्याला आणला, आणि गोव्याच्या कोकणीत तो ‘कदेल’ झाला.

आपली ‘खुर्ची’ या घराण्यातली नाही, पण तिचे घराणे याहून जुने. फारसीतून मराठीत आलेला हा शब्द मूळ अरबी ‘कुर्सी’. त्याच्या मागे आरामी भाषा, तिच्या मागे अक्कडी ‘कुस्सू’, आणि त्याच्याही मागे सुमेरी ‘गुझा’. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मातीच्या विटांवर कोरलेला शब्द आपण रोज ‘खुर्ची पुढे घे’ म्हणताना उच्चारतो. गोव्याच्या सीमेवर, सावंतवाडीच्या पलीकडे, सुमेरची खुर्ची आणि ग्रीसची कदेल शेजारी नांदतात. कुर्सीच्या वाटेवरही वस्तूकडून अधिकाराकडे नेणारे तेच वळण लागले. कुराणातल्या प्रसिद्ध ‘आयतुल कुर्सी’त ईश्वराची कुर्सी आकाश आणि पृथ्वी व्यापून आहे, आणि मोरोक्कोतल्या फेझ शहरी, करवियीन मशिदीत, विद्वानाच्या अध्यापनाच्या पदाला ‘कुर्सी’च म्हणत. केंब्रिजला १६६३ साली स्थापन झालेली गणिताची ल्युकेशियन चेअर, जिच्यावर १६६९पासून न्यूटन होता आणि १९७९पासून स्टीफन हॉकिंग, तीही तशीच. मराठी विद्यापीठांत आपण ‘अध्यासन’ म्हणतो.

चेअरमन मात्र आपण भाषांतराविना घेतला. साखर कारखान्याचा असो की हाउसिंग सोसायटीचा. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी वावरत. सभेच्या खुर्चीत बसणारा तो चेअरमन, आणि श्रीमंतांची बंदिस्त खुर्ची, आपल्या मेण्यासारखी, दांड्यांवर वाहून नेणारे भोईही चेअरमन. सभाध्यक्षाला नुसते ‘चेअर’ म्हणणे हे अलीकडचे, स्त्री-पुरुष भेद टाळण्यासाठी केलेले खूळ आहे, असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. माणसाला ‘चेअर’ म्हणायची रीत सतराव्या शतकातली.

आता त्या ‘हेड्रा’कडे वळू, कारण मला सगळ्यात जास्त थक्क करते ते तेच.

सिंधूचे हिंदू कसे झाले हे आपण शाळेत ऐकलेले असते. इराणी भाषांत ‘स’चा ‘ह’ झाला. ग्रीकमध्येही शब्दाच्या सुरुवातीला तेच घडले. आपले ‘सप्त’ त्यांचे ‘हेप्टा’. मग ‘हेड्रा’तला ‘हेड्’ म्हणजे कोण? आपला ‘सद्’! सदन, सभासद, परिषद यांतला, बसणे या अर्थाचा संस्कृत धातू. इंग्रजी ‘सिट’, ‘सीट’, ‘सेशन’ त्याच कुळातले. ‘प्रेसिडेंट’ म्हणजे पुढे बसणारा. आणि ‘नेस्ट’? त्यात ‘नि’ आणि झिजलेला ‘सद्’ आहे, खाली बसायची जागा. नेमक्या याच घडणीचा संस्कृत शब्द ‘नीड’, घरटे. पाखराच्या घरट्याला युरोपच्या एका टोकाला आणि भारतात एकाच शब्दाने ओळखत आले आहेत.

जेरुसलेममध्ये ज्यूंची सर्वोच्च न्यायसभा होती, सॅनहेड्रिन. तो शब्द ग्रीक ‘सुनेड्रिऑन’वरून आला: ‘सुन’ म्हणजे एकत्र, आणि ‘हेड्रा’. सम् अधिक सद्, म्हणजे संसद! जेरुसलेमची ती सभा आणि दिल्लीतली आपली संसद एकाच साच्यातून निघालेले शब्द आहेत. आणि ‘उपनिषद’ घ्या. त्याच्या अर्थाची चर्चा मोठी आहे, पण घडण स्पष्ट आहे: उप, नि, सद्. ‘नि’ म्हणजे खाली, ‘काता’ म्हणजेही खाली. दोन्ही शब्द खाली बसण्याचे आणि दोन्ही विद्येशी जोडलेले. फरक बसणाऱ्यात आहे. काथेड्रावर गुरू बसतो. उपनिषदात, परंपरेने लावलेल्या अर्थानुसार, शिष्य गुरूजवळ खाली बसतो.

भूमितीतही हेड्रा आहे. टेट्राहेड्रन म्हणजे चार बैठकांचा. घन आकृती ज्या बाजूवर टेकून बसू शकते, ती तिची बैठक, असे ग्रीकांनी पाहिले.

यंत्रयुगात चेअर आणखी पसरली. ब्रिटिश रेल्वेत रूळ ज्या बिडाच्या बैठकीत घट्ट धरून स्लीपरला जखडत, तिला ‘चेअर’ म्हणतात. अमेरिकेत, १८९० साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात विजेच्या खुर्चीवर पहिला मृत्युदंड दिला गेल्यापासून, ‘द चेअर’ एवढे म्हटले तरी अंगावर काटा येतो.

त्याच १८९० साली हेर्मान साख्से या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडले, की सहा कार्बन अणूंचे कडे कागदावर काढतो तसे सपाट नसावे, ते वाकलेले असावे. फारसे कोणी ऐकले नाही. विसाव्या शतकात नॉर्वेच्या ओड हासेलने ते वाकलेले रूप प्रयोगाने दाखवले, इंग्लंडच्या डेरेक बार्टनने १९५० साली त्याचे परिणाम उलगडले, आणि १९६९ साली दोघांना नोबेल मिळाले. त्या रूपाचे एक टोक पाठीसारखे वर, दुसरे पाय ठेवायच्या पट्टीसारखे खाली, म्हणून रसायनशास्त्रात त्याचे नाव ‘चेअर’. ग्लुकोजचे कडे बहुतेक वेळा याच रूपात असते. ग्लुकोजची अशी हजारो कडी एका ओळीत जोडली गेली की सेल्युलोज होते, आणि लाकडात सगळ्यात जास्त असते ते सेल्युलोजच. म्हणजे सागाची असो वा शिसवीची, प्रत्येक लाकडी खुर्ची अब्जावधी सूक्ष्म चेअरांचीच बनलेली असते.