इरेज व डिस्कार्ड (मेमरी कार्ड)

इरेज व डिस्कार्ड या फ्लॅश मेमरी कार्डाला दिल्या जाणाऱ्या दोन आज्ञा आहेत. कार्डाच्या ठरावीक भागातील माहिती आता नको आहे, हे त्यांच्याद्वारे कार्डाला कळवले जाते. संगणकातील किंवा मोबाइलमधील ड्रायव्हर ही आज्ञावली त्या पाठवते. दोन्ही आज्ञांचा परिणाम सारखा नसतो. हा फरक कार्डाचे आयुष्य व माहितीची गोपनीयता या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

फ्लॅश मेमरीचा शोध तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात लावला. कार्डांत वापरल्या जाणाऱ्या नँड प्रकारात माहिती पानांमध्ये लिहिली जाते व अनेक पानांचा मिळून एक ब्लॉक होतो. लिहिताना १ चा ० करता येतो. मात्र ० चा पुन्हा १ करण्यासाठी संपूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. पाटीवरील एक शब्द बदलण्यासाठी अख्खी पाटी पुसावी लागावी, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक वेळी पुसताना ब्लॉक थोडा झिजतो. म्हणून कार्डातील नियंत्रक नवी माहिती रिकाम्या जागी लिहितो व जुनी सवडीने पुसतो.

फाइल डिलीट केल्यावर फाइल सिस्टम केवळ स्वतःच्या नोंदीत ती जागा मोकळी दाखवते. नियंत्रकाला याची कल्पना नसते. तो निरुपयोगी माहितीही जपतो व एका ब्लॉकमधून दुसऱ्यात हलवतो. परिणामी लेखन मंदावते आणि झीज वाढते.

आज्ञांचे प्रकार

एसडी कार्डात ३२ व ३३ क्रमांकांच्या आज्ञांनी भागाची सुरुवात व शेवट सांगितला जातो आणि ३८ क्रमांकाच्या आज्ञेने कृती घडते. ईएमएमसी चिपमध्ये पहिल्या दोन आज्ञांचे क्रमांक ३५ व ३६ आहेत. ईएमएमसीमधील मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे:

* इरेज : ठरावीक आकाराच्या गटांत पुसणे. त्यानंतर तो भाग वाचल्यास कोरा दिसतो.
* ट्रिम : हेच काम गटाहून लहान भागांवर करणे.
* डिस्कार्ड : माहिती नको असल्याची केवळ सूचना. नंतर वाचल्यास जुनी माहिती पूर्ण वा अंशतः मिळू शकते.
* सॅनिटाइझ : नोंदीतून वगळलेली माहिती चिपमधून प्रत्यक्ष नष्ट करणे. ही सोय व डिस्कार्ड २०११ सालच्या ४.५ या आवृत्तीत आले.

ड्रायव्हरची भूमिका

लिनक्स कर्नेलच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय २०१० साली आली. एसडी कार्ड एकाच आज्ञेने संपूर्ण पुसता येते. पण तेवढा वेळ कार्डावरील इतर सर्व वाचन-लेखन खोळंबते. किती वेळ वाट पाहावी, याची मर्यादाही फार मोठी होते. म्हणून मोठा भाग तुकड्यातुकड्यांनी पुसणे इष्ट मानले जाते. सॅमसंगच्या काही मूव्हीनँड चिपांत सुरक्षित इरेज केल्यास माहिती कायमची बिघडू शकत असे. अशा चिपा ओळखून ती आज्ञा टाळण्याची तरतूद कर्नेलमध्ये आहे.

गोपनीयता

कार्ड दुसऱ्याला देण्यापूर्वी फाइली डिलीट करणे किंवा झटपट फॉरमॅट करणे पुरेसे नसते. छायाचित्रे व कागदपत्रे विशेष आज्ञावलीने परत मिळवता येतात. डिस्कार्डही नाशाची हमी देत नाही. माहिती प्रथमपासून सांकेतिक रूपात साठवणे, अथवा कार्ड मोडून टाकणे, हे अधिक खात्रीचे उपाय आहेत.