बेडकाभोवतीची चौकट
मार्क ट्वेनच्या १८६५ सालच्या उड्या मारणाऱ्या बेडकाच्या कथेत फसतो कोण? वरवर पाहता पैजबाज जिम स्मायली. अनोळखी माणूस त्याच्या बेडकाला छर्रे चारतो आणि ४० डॉलर जिंकून निघून जातो. पण ही हकिगत कॅलिफोर्नियातल्या खाणवस्तीतला सायमन व्हीलर सांगतो, तीही चेहऱ्यावरची रेष न हलवता. ऐकणारा शिकलासवरलेला निवेदक मित्राच्या सांगण्यावरून भलत्याच स्मायलीची चौकशी करायला आलेला असतो. मित्राने आपल्याला मुद्दाम या म्हाताऱ्याच्या तावडीत दिलं, हा संशय तो सुरुवातीलाच बोलून दाखवतो. म्हणजे आतल्या गोष्टीत स्मायली फसतो, बाहेरच्या गोष्टीत निवेदक. बेडकाचा किस्सा खाणकामगारांत आधीपासून फिरत होता, मग ही चौकट नुसती सजावटच, असा आक्षेप कुणी घेईल. तो पटण्यासारखा नाही. किस्सा छर्ऱ्यांपाशी संपतो. व्हीलर मात्र पुढे एकडोळ्या, बिनशेपटीच्या गायीकडे वळतो आणि निवेदक काढता पाय घेतो.