‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ मग गिऱ्हाइकाच्या मशीनवर का नाही?

आजचा विषय आहे एक वाक्य. विंडोजसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी ते कधी ना कधी येतंच: ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी उतारा. एररचे मेसेज आणि फाइलींची नावं मी बोललो तशीच लिहिली आहेत.

हे वाक्य आपण बहुतेक वेळा सबब म्हणून वापरतो. पण जरा थांबून बघा, तो खरं तर पुरावा आहे. प्रोग्राम तोच, मशीन दोन, एकावर चालतो आणि दुसऱ्यावर नाही. मग कोड पुन्हा पुन्हा वाचत बसण्याआधी विचारायचा प्रश्न असा: माझ्या मशीनवर असं काय आहे, जे तिथे नाही? माझा अनुभव असा की उत्तर बहुधा चार जागांपैकी एकीत सापडतं. सोबत लागणाऱ्या फाइली, ३२ बिट की ६४ बिट, फाइल लिहिण्याचा हक्क, आणि तारखेची सेटिंग.

आधी मेसेज मिळवा

‘सॉफ्टवेअर बंद पडलं’ हा मेसेज नाही. गिऱ्हाइकाला सांगा, ‘काका, स्क्रीनचा फोटो काढून पाठवा, ओके दाबू नका.’ अर्धं काम तिथेच होतं. काहीच न दिसता प्रोग्राम गायब होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि मग ॲप्लिकेशन. प्रोग्राम कोसळला असेल तर तिथे ‘ॲप्लिकेशन एरर’ नावाची, १००० नंबरची नोंद मिळते. कोणत्या फाइलमध्ये कोसळला, त्या मोड्यूलचं नावही तिच्यात असतं. डॉट नेटचा प्रोग्राम असेल तर ‘डॉट नेट रनटाइम’ची १०२६ नंबरची नोंद शोधा. तिच्यात एक्सेप्शनचं नाव आणि ते कुठल्या मेथडमधून आलं, हे दोन्ही असतं.

पहिली जागा: सोबतच्या फाइली

‘व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल सापडली नाही.’ ही तक्रार सी प्लस प्लसवाल्यांना नवी नाही. तुमच्याकडे ती फाइल आहे, कारण व्हिज्युअल स्टुडिओनं ती आणली. गिऱ्हाइकाकडे व्हिज्युअल स्टुडिओ कशाला असेल? उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल घ्यायचं आणि आपल्या इन्स्टॉलरसोबत द्यायचं. २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांना एकच पॅकेज चालतं.

नावाच्या शेवटी ‘डी’ असेल, म्हणजे व्हीसीरनटाइम१४०डी, तर गोष्ट वेगळी. तुम्ही डीबग बिल्ड पाठवलाय. तो वाटण्यासाठी नसतोच, रिलीज बिल्ड करून पाठवा.

आणि एक विनंती. ‘फ्री डीएलएल डाउनलोड’ म्हणणाऱ्या साइटवरून फाइल उचलून गिऱ्हाइकाच्या मशीनवर टाकू नका. त्याच मशीनवर त्याचं नेटबँकिंग चालतं, जीएसटीचा लॉगिन असतो. कुठून आली ते माहीत नसलेली फाइल तिथे सोडणं म्हणजे दुकानाची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणं.

दुसरी जागा: ३२ की ६४

०एक्ससी०००००७बी. हा आकडा दिसला की पहिला संशय बिटांवर घ्या. ६४ बिट प्रोसेस ३२ बिट डीएलएल उचलू शकत नाही, आणि उलटही नाही. डॉट नेटमध्ये हीच भानगड ‘बॅडइमेजफॉरमॅटएक्सेप्शन’ या नावानं येते.

इथे विंडोजची नावं मुद्दाम चकवायला ठेवल्यासारखी आहेत. ६४ बिट विंडोजवर सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिट फाइली असतात, आणि ३२ बिट फाइली सिसवाव६४ मध्ये. हो, बरोबर वाचलंत. त्यामुळे रीडिस्ट्रिब्युटेबल निवडताना विंडोज किती बिटचं आहे ते बघू नका, तुमचा प्रोग्राम किती बिटचा आहे ते बघा.

याच जातीचा आणखी एक मेसेज ॲक्सेस डेटाबेस वापरणाऱ्यांना भेटतो: एसीई ओलेडीबी १२.० प्रोव्हायडर या मशीनवर रजिस्टर नाही. गिऱ्हाइक म्हणतं, ‘अहो, ऑफिस टाकलंय की!’ टाकलंय, पण ३२ बिट, आणि तुमचा प्रोग्राम चालतोय ६४ मध्ये. प्रोजेक्टमध्ये ‘एनी सीपीयू’वर भरवसा न ठेवता एक्स८६ किंवा एक्स६४ ठरवून टाका आणि त्याच बिटांचा ड्रायव्हर द्या. जुनं जेट ४.० वापरत असाल तर निवड उरतच नाही, ते ६४ बिटमध्ये कधी आलंच नाही.

तिसरी जागा: लिहिण्याचा हक्क

आता जरा लक्ष देऊन वाचा, कारण इथे एररसुद्धा येत नाही.

हार्डवेअरचं एक दुकान. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर. त्याचा डेटाबेस प्रोग्राम फाइल्समध्ये, सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात. मशीन एक, विंडोजचे लॉगिन दोन: एक शेठचा, एक काउंटरवरच्या मुलाचा. संध्याकाळी शेठ आपल्या लॉगिनमधून हिशोब बघतात, तर दुपारची बिलं नाहीत. गल्ल्यात पैसे आहेत, बिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. शेठनी मनात ठरवून टाकलं होतं की पोरगा बिलं उडवतोय. माझा एक मित्र ते सॉफ्टवेअर सांभाळतो. त्यानं मला बोलावलं तेव्हा मुलाला कामावरून काढायची भाषा सुरू झाली होती.

बिलं कुणीच उडवली नव्हती. विंडोज व्हिस्टापासून साध्या युजरला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची परवानगी नाही. पण जुने प्रोग्राम एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोज एक पडद्यामागची सोय करतं. ३२ बिट प्रोग्राम असेल आणि त्याच्या मॅनिफेस्टमध्ये कोणत्या हक्कानं चालायचं ते लिहिलेलं नसेल, तर त्याचं लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवलं जातं. कुठे? युजरच्या फोल्डरात, ॲपडेटा, मग लोकल, मग व्हर्च्युअलस्टोअर. तिथे त्या फाइलची त्या युजरपुरती वेगळी प्रत तयार होते आणि त्यानंतर प्रोग्राम तीच प्रत वाचतो. म्हणजे शेठची वही वेगळी, मुलाची वही वेगळी, आणि दोघांनाही वाटतंय की वही एकच आहे. मुलाच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सगळी बिलं जशीच्या तशी मिळाली.

तुमच्याकडे हे का दिसत नाही? कारण तुमच्या मशीनवर लॉगिन एकच असतो, प्रोजेक्ट तुमच्याच फोल्डरात असतो, आणि कित्येक जण व्हिज्युअल स्टुडिओ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवतात. तपासायचं असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ हा कॉलम चालू करा. तुमच्या प्रोग्रामपुढे ‘एनेबल्ड’ दिसलं तर सावध व्हा.

उपाय म्हणून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ सांगू नका. एक तर त्यानं तिसरीच वही उघडते, प्रोग्राम फाइल्समधली मूळ फाइल. शिवाय काउंटरवरच्या प्रत्येकाला पूर्ण मशीनचा हक्क द्यावा लागतो. प्रत्येक युजरचा आपापला डेटा ॲपडेटामध्ये ठेवा, सगळ्यांचा मिळून असलेला डेटा प्रोग्रामडेटामध्ये. आणि प्रोग्रामडेटामधल्या तुमच्या फोल्डरला इन्स्टॉल करतानाच सगळ्या युजरना लिहिण्याची परवानगी द्या. नाहीतर एकानं तयार केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही. शेवटी मॅनिफेस्टमध्ये ‘ॲजइन्व्होकर’ लिहा. मग ही वळवावळवी बंद होते, आणि चुकीच्या जागी लिहायला गेलात तर सरळ एरर येते. गुपचूप चुकण्यापेक्षा ती परवडली.

चौथी जागा: तारीख

‘कालपर्यंत चालत होतं, आज बंद पडलं.’ हे वाक्य महिन्याच्या १३ तारखेला ऐकलंत तर कोडमध्ये आज काय बदललं ते शोधू नका. रीजन सेटिंग बघा.

तुमचं विंडोज इंग्लिश इंडियावर आहे, म्हणजे आधी दिवस, मग महिना. गिऱ्हाइकाचं मशीन विकणाऱ्यानं इंग्लिश युनायटेड स्टेट्सवरच सोडलंय, म्हणजे आधी महिना. तुमचा प्रोग्राम ‘०५/०४/२०२४’ हा मजकूर नुसत्या डेटटाइम डॉट पार्सला देतो. तुमच्याकडे ती ५ एप्रिल, तिथे ४ मे. १३ तारखेला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून एक्सेप्शन येतं आणि तेव्हा कुठे सगळे जागे होतात. पण खरी नासाडी त्याआधीच्या बारा दिवसांत झालेली असते. त्यातली ०४/०४ तेवढी योगायोगानं बरोबर, बाकीच्या तारखा चुकीच्या महिन्यात गेलेल्या. एरर बंद करून खुश होऊ नका, मागच्या नोंदी तपासून दुरुस्त करा.

कायमचा उपाय असा: स्क्रीनवर तारीख युजरच्या सवयीप्रमाणे दाखवा. फाइलमध्ये साठवताना मात्र आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि वाचताना इन्व्हेरियंट कल्चर. डेटाबेसला तारीख द्यायची तर एसक्यूएलच्या मजकुरात जोडू नका, पॅरामीटर म्हणून द्या.

तरीही सापडलं नाही तर

सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर घ्या. मार्क रुसिनोविच यांच्या या टूल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहेत आणि फुकट मिळतात. तुमच्या प्रोग्रामच्या नावाचा फिल्टर लावा, प्रोग्राम बंद पडू द्या, आणि रिझल्टच्या कॉलममध्ये ‘नेम नॉट फाउंड’ आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ शोधा. ‘नेम नॉट फाउंड’ खूप दिसतील, घाबरू नका. विंडोज एक डीएलएल चार ठिकाणी शोधतं, त्यातल्या तीन ठिकाणी ती नसणारच. जी फाइल शेवटपर्यंत कुठेच सापडत नाही, ती आपली.

आणि गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी कोऱ्या मशीनवर चालवून बघा. विंडोज १० किंवा ११ प्रो असेल तर त्यात विंडोज सँडबॉक्स आहे, फक्त ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करावं लागतं. होम आवृत्तीत ते नाही, तिथे व्हर्च्युअल मशीन वापरा. सँडबॉक्स उघडलं की कोरं विंडोज मिळतं, बंद केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. मात्र सँडबॉक्समधला युजर ॲडमिनिस्ट्रेटर असतो. म्हणून हक्कांची तपासणी वेगळी करा: आपल्याच मशीनवर एक साधा युजर बनवा, त्यातून इन्स्टॉल केलेला प्रोग्राम चालवा, मग रीजन बदलून पुन्हा चालवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

त्या दुकानातला मुलगा अजून काउंटरवर आहे, हेही सांगून टाकतो. तुमच्याकडे अशी एखादी न सुटणारी एरर असेल तर पूर्ण मेसेजचा फोटो आणि दोन्ही मशीनची माहिती पाठवा. भेटू पुढच्या भागात!