लो फॅट विंग्ज सॉस घरी बनवून विकायचाय? आधी बटरचा हिशोब समजून घ्या

घरगुती सॉसच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न असा: "चिकन विंग्जचा तिखट सॉस लो फॅट करता येईल का, आणि तो विकता येईल का?" दोन्हीचं उत्तर हो. पण नुसतं बटर काढून टाकलं की सॉस पातळ होतो आणि नको तितका तिखट लागतो. असा सॉस गिऱ्हाईक एकदाच घेतं. म्हणून आधी बटर तिथं काय काम करत होतं ते बघू, मग रेसिपी, मग पैशाचा हिशोब.

बटर काय काम करतं?

हा सॉस मूळचा अमेरिकेतल्या बफेलो शहरातला. 1964 साली तिथल्या अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी तळलेल्या विंग्ज तिखट सॉसमध्ये घोळवून दिल्या, असं सांगितलं जातं. मूळ सूत्र सोपं आहे: मिरची आणि व्हिनेगरचा सॉस, त्यात बटर.

आता गणित करा. 200 ग्रॅम हॉट सॉसमध्ये 100 ग्रॅम बटर घातलं, तर बटरमध्ये साधारण 80 टक्के फॅट असतं. म्हणजे 300 ग्रॅम सॉसमध्ये 80 ग्रॅम फॅट, दर 100 ग्रॅमला जवळपास 27 ग्रॅम!

हे बटर तीन कामं करतं. सॉसला दाटपणा देतं, तो विंग्जला चिकटवून ठेवतं आणि तिखटपणा मऊ करतं. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, फॅटमध्ये विरघळतं. बटर गेलं की तोच तिखटपणा जिभेला थेट लागतो. म्हणून बटर काढताना या तिन्ही कामांना पर्याय द्यावा लागतो.

साहित्य (साधारण 1 किलो सॉस)

- ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची 55 ग्रॅम, लवंगी मिरची 15 ग्रॅम
- पिकलेले टोमॅटो 500 ग्रॅम
- गाजर 100 ग्रॅम
- लसूण 50 ग्रॅम
- पांढरं व्हिनेगर 250 मिली (बाटलीवर किमान 4 टक्के ॲसिड लिहिलेलं बघा)
- गूळ 40 ग्रॅम, मीठ 25 ग्रॅम
- कॉर्नफ्लोअर 15 ग्रॅम, 60 मिली गार पाण्यात कालवून

कृती

1. मिरच्यांचे देठ आणि बिया काढा. बियांमध्ये तेल असतं आणि सॉस गुळगुळीतही होत नाही. मिरच्या 300 मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजवा.
2. टोमॅटो, गाजर आणि लसूण मऊ शिजवा. मिरच्या भिजवलेल्या पाण्यासकट मिक्सरमध्ये बारीक वाटून गाळणीतून गाळा.
3. गूळ, मीठ घालून जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर आटवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट पदार्थाशी त्याची प्रक्रिया होते.
4. दाट झाल्यावर व्हिनेगर घाला आणि 5 मिनिटं उकळा. सुरुवातीलाच घातलं तर आटवताना त्याचा आंबटपणा बराच उडून जातो.
5. शेवटी कॉर्नफ्लोअर घालून 2-3 मिनिटं ढवळा. आंबट सॉसमध्ये ते जास्त वेळ उकळलं तर सॉस पुन्हा पातळ होतो.

गाजर, टोमॅटो आणि कॉर्नफ्लोअरमुळे दाटपणा आणि चिकटपणा आला. गूळ तिखटाची धार कमी करतो. रंग ब्याडगीचा, झणका लवंगीचा. कमी तिखट हवं असेल तर लवंगी कमी करा, व्हिनेगर नाही. सोबत साय काढलेल्या दुधाच्या दह्याचं डिप द्या. दुधातलं प्रथिन कॅप्सायसिनला धरून ठेवतं, त्यामुळे तोंड लवकर शांत होतं.

टिकवण्याचा मुद्दा

गाजर आणि लसूण आंबट नाहीत. सॉस सुरक्षित राहतो तो व्हिनेगरमुळे. पीएच 4.6 च्या वर गेला तर धोकादायक जंतू वाढू शकतात. विकण्यासाठी मी 4 च्या खालीच ठेवायला सांगतो. पीएच मीटर घ्या, प्रत्येक बॅच मोजा आणि वहीत तारखेसकट लिहा. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत सॉस गरम असतानाच भरा. घरच्या वापरासाठी फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. विक्रीच्या बाटलीवरची मुदत अंदाजाने लिहू नका, ती प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

"लो फॅट" कधी लिहायचं?

हे दोन शब्द म्हणजे कायदेशीर दावा आहे. एफएसएसएआयच्या 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांनुसार घन पदार्थात 100 ग्रॅमला 3 ग्रॅमपेक्षा आणि द्रव पदार्थात 100 मिलीला 1.5 ग्रॅमपेक्षा जास्त फॅट नसेल, तरच "लो फॅट" लिहिता येतं. आपण 1.5 चीच मर्यादा धरून चालू. आपल्या सॉसमध्ये फॅट येतं ते मुख्यतः मिरचीतून. 70 ग्रॅम मिरचीत 15 टक्के तेल धरलं तरी किलोला साडेदहा ग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅमला साधारण 1 ग्रॅम. आकडा मर्यादेत बसतो, पण लेबलवर जाणारा आकडा मात्र प्रयोगशाळेच्या रिपोर्टमधलाच हवा.

अजून एक. सॉस लो फॅट आहे म्हणून विंग्ज लो फॅट होत नाहीत. कातडीसकट विंगमध्ये स्वतःची चरबी असतेच, आणि तळली तर तेल वेगळं. तुमचं गिऱ्हाईक कदाचित डॉक्टरांनी पथ्य सांगितलेलं कुणी असेल. ते तुमचं लेबल वाचून, विश्वास ठेवून खाणार आहे. तेव्हा स्पष्ट लिहा: "लो फॅट सॉस". "लो फॅट विंग्ज" नाही. विंग्ज ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये करा, असं लेबलवर सुचवू शकता.

आता पैशाचा हिशोब

एका किलोत 200 ग्रॅमच्या 5 बाटल्या. भाव तुमच्या बाजारातले घाला, मी उदाहरण देतो.

- साहित्य आणि गॅस: 105 रुपये, म्हणजे बाटलीला 21
- बाटली, झाकण, लेबल: 18
- तुमची मेहनत, दीड तास, तासाला 80 रुपये: 120, म्हणजे बाटलीला 24

एकूण 63 रुपये. बघा, मिरची-टोमॅटोपेक्षा मेहनत महाग आहे! बरेच जण तीच धरत नाहीत आणि 50 रुपयांना बाटली विकून "धंदा चाललाय" म्हणतात.

एमआरपी 120 ठेवली आणि दुकानदाराला 25 टक्के दिले, तर हातात 90 येतात आणि बाटलीमागे 27 उरतात. प्रयोगशाळेने तपासणीचे समजा 3,000 रुपये सांगितले, तर तेवढ्यासाठीच 112 बाटल्या विकाव्या लागतील. म्हणून एकच चव, एकच साईज ठेवून सुरुवात करा. चार फ्लेवर म्हणजे चार तपासण्या. मोठ्या पातेल्यात एकदम 5 किलो केलं की मेहनतीचा खर्च बाटलीमागे आपोआप खाली येतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एक किलोची एकच बॅच करा, वजनं लिहून ठेवा. दहा जणांना चाखायला द्या, पण त्यात नातेवाईक दोनच. "आवडलं का?" असं विचारू नका, "120 रुपयांना घ्याल का?" असं विचारा. दहापैकी सहा जण हो म्हणाले, तर एफएसएसएआय नोंदणी आणि तपासणीच्या मागे लागा. कमी असतील तर चव बदला आणि पुन्हा विचारा. विक्री मात्र नोंदणी हातात आल्यावरच.