गालाच्या एका तुकड्यात कोण कोण राहतं? आरएनए सिक्वेन्सिंगच्या चार पद्धती

न्हावा शेवा, उरण, जासई, गव्हाण इथून आलेल्या आणि ऑनलाइन ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय नावाने जड आहे, पण त्याचा संबंध थेट आपल्या तोंडाशी आहे. भारतीय पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. तंबाखू, गुटखा, सुपारी आणि आपल्याकडच्या बायकांची मिश्री, ही कारणं तुम्हाला सांगायला नकोत. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी टपरीवर काय मिळतं, तेही तुम्हाला सांगायला नको.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथल्या आणि पश्चिम बंगालमध्ये कल्याणीला असलेल्या राष्ट्रीय संस्थेतल्या संशोधकांनी मिळून गाल आणि हिरडीच्या कर्करोगाचा डीएनए वाचला. २०१३ साली ते काम प्रसिद्ध झालं. या रोगात वारंवार बिघडणारी, पण तोवर लक्षात न आलेली काही जनुकं त्यातून समजली. मोठं काम आहे ते. पण डीएनए आपल्याला सांगतो की पुस्तकात कुठे चूक झाली आहे. ते पुस्तक कोणती पेशी उघडते आणि कोणतं पान वाचते, हे कळायला आरएनए लागतो.

म्हणजे काय, ते बघू. गालाच्या पेशीत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीत डीएनए जवळजवळ सारखाच असतो. मग त्या इतक्या वेगळ्या का? कारण सुमारे २०,००० प्रथिनांच्या जनुकांपैकी प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीच जनुकं चालू ठेवते. चालू जनुकाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. कुठल्या पेशीत कोणते संदेश फिरताहेत हे मोजलं, की ती पेशी कोण आणि सध्या काय करते आहे, हे कळतं.

आता बायोप्सीचा एक तुकडा घ्या. त्यात फक्त कर्करोगाच्या पेशी नसतात. अभिस्तराच्या निरोगी पेशी असतात, धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट असतात, रक्तवाहिन्या, स्नायू, आणि लढायला आलेल्या प्रतिकारक पेशी असतात. या गर्दीचा हिशेब कसा करायचा? आज चार पद्धती आहेत.

पहिली पद्धत, म्हणजे 'बल्क'. साधारण २००८ पासून ती रुळली. सगळा तुकडा एकत्र वाटायचा आणि एकत्रित आरएनए वाचायचा. आपल्या बंदराच्या भाषेत सांगायचं, तर जहाजावरचा सगळा माल एकाच काट्यावर तोलायचा. एकूण वजन अचूक मिळतं, खर्च कमी येतो, शेकडो रुग्णांचे नमुने तपासता येतात. अडचण कुठे येते? समजा, तुकड्यात १० प्रतिकारक पेशी आहेत आणि प्रत्येकीत एखाद्या जनुकाचे २० संदेश आहेत. एकूण २००. उपचारानंतर आकडा ४०० झाला. आता यातून पेशी दुप्पट झाल्या असं समजायचं, की पेशी तेवढ्याच राहून प्रत्येकीतले संदेश दुप्पट झाले? दोन्हींचा अर्थ डॉक्टरांसाठी वेगळा आहे, आणि काट्यावरचा आकडा मात्र एकच आहे.

दुसरी पद्धत, एकेका पेशीची. २००९ मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या एकेका पेशीचा आरएनए पहिल्यांदा असा वाचला गेला. २०१५ मध्ये तेलातल्या बारीक थेंबांचं तंत्र आलं आणि हजारो पेशी एकाच वेळी वाचता येऊ लागल्या. प्रत्येक थेंबात एक पेशी आणि एक मणी. मण्यावर त्या थेंबाचा स्वतःचा बारकोड. पेशी फुटली की तिच्या संदेशांना तो बारकोड चिकटतो. नंतर सगळं एकत्र वाचलं तरी कुठला संदेश कुठल्या पेशीचा, हे कळतं.

इथल्या लोकांना हे समजवायला नको. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. यार्डात हजारो पेट्या असल्या, तरी नंबरवरून पेटी सापडते. त्यातला शेवटचा आकडा नंबर चुकला तर पकडण्यासाठी असतो, तसंच बारकोडमधली किरकोळ चूकही संगणक दुरुस्त करतो. आणि दोन व्यापाऱ्यांचा माल एकाच पेटीत आला, तुमच्या भाषेत एलसीएल, तर? इथेही तसं होतं. कधी एका थेंबात दोन पेशी अडकतात आणि कागदावर अस्तित्वातच नसलेली 'नवी' पेशी दिसू लागते. म्हणून अशा जोड्या आधी शोधून काढाव्या लागतात.

याने काय फरक पडला? २०१७ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांनी डोके-मानेच्या, मुख्यतः तोंडाच्या, कर्करोगाच्या १८ रुग्णांच्या सुमारे ६,००० पेशी एकेक करून वाचल्या. त्याआधी बल्क पद्धतीने या कर्करोगाचे प्रकार पाडलेले होते आणि त्यातल्या एका प्रकाराला वेगळी ओळख दिली होती. एकेक पेशी बघितल्यावर कळलं, की ती ओळख बऱ्याच अंशी शेजारच्या फायब्रोब्लास्टच्या संदेशांमुळे आली होती. कर्करोगाच्या पेशींवर शिक्का बसला होता शेजाऱ्यांच्या मालाचा!

पण ही पद्धतही निर्दोष नाही. पेशी सुट्या करायला तुकडा विकरांच्या द्रावणात, बहुधा ३७ अंश सेल्सिअसला, ठेवावा लागतो. त्या त्रासाने पेशी ताणाची जनुकं चालू करतात आणि आपल्याला वाटतं, हा रोगच आहे. नाजूक पेशी मरतात, चिवट पेशी मागे राहतात. शिवाय प्रत्येक पेशीतले थोडेच संदेश हाती लागतात. एखाद्या जनुकापुढे शून्य दिसलं, म्हणजे ते बंदच आहे असं नाही. पेशी कमी पण वाचन खोल हवं असेल, तर थेंबांऐवजी एकेका खाचेत एकेक पेशी ठेवून संपूर्ण संदेश वाचणारी स्मार्ट-सीक २ सारखी पद्धत आहे. बोस्टनच्या त्या कामात तीच वापरली होती.

तिसरी पद्धत केंद्रकाची. पूर्ण पेशी सोडायची आणि फक्त तिचं केंद्रक काढायचं. मोठा फायदा असा, की गोठवून ठेवलेला तुकडा चालतो. सुपारीमुळे ज्यांचं तोंड उघडेनासं होतं, त्या रुग्णांचा विचार करा. गालातली ऊती धाग्यांनी इतकी घट्ट झालेली असते, की तिच्यातून पेशी अखंड सोडवणं कठीण. केंद्रकं मात्र ऊती बारीक करून बाहेर काढता येतात. लांबट स्नायूपेशी आणि चेतापेशींसाठीही हीच पद्धत सोयीची. तोटा असा, की केंद्रकात संदेश कमी आणि पुष्कळसे अर्धवट तयार झालेले असतात, आणि प्रतिकारक पेशींचं चित्र अनेकदा फिकट येतं. म्हणून एका पद्धतीची टक्केवारी दुसरीच्या टक्केवारीशेजारी सरळ मांडू नये.

चौथी पद्धत जागेची. वरच्या तिन्ही पद्धतींत तुकडा मोडावा लागतो, म्हणून कोण कुणाशेजारी होतं हे हरवतं. बोस्टनच्या गटाला पसरण्याच्या तयारीतल्या पेशी गाठीच्या पुढच्या कडेला आहेत, हे वेगळी रंगतपासणी करून दाखवावं लागलं. २०१६ मध्ये यावर उपाय आला. ऊतीचा पातळ काप बारकोडच्या ठिपक्यांवर ठेवायचा. प्रत्येक ठिपक्याला जागेचा पत्ता असतो, जसा यार्डातला ब्लॉक आणि रांग. मात्र सर्वाधिक वापरल्या गेलेल्या संचात ठिपका ५५ मायक्रॉनचा होता, त्यात साधारण १ ते १० पेशी येतात. म्हणजे पुन्हा एलसीएलच! नव्या संचांचे ठिपके बरेच बारीक आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक संदेश मोजणाऱ्याही पद्धती आहेत, पण त्यांत बहुधा कोणती जनुकं बघायची, ते आधीच ठरवावं लागतं.

मग निवड कशी करायची? आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, यंत्र नंतर बघा, आधी प्रश्न लिहा. शेकडो रुग्णांत उपचाराचा परिणाम तोलायचा आहे? बल्क. तुकड्यात कोण कोण आहे हेच ठाऊक नाही? एकेक पेशी. नमुने फ्रीझरमध्ये आहेत किंवा ऊती घट्ट आहे? केंद्रक. प्रतिकारक पेशी गाठीत शिरल्यात की काठावरच अडल्यात, हे हवं आहे? जागा. बहुतेक चांगल्या कामांत दोन पद्धती जोडीने वापरतात. थोड्या रुग्णांत पेशींची यादी करायची आणि तिच्या आधारे मोठ्या बल्क आकड्यांची फोड करायची.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. तीन रुग्णांच्या ३०,००० पेशी वाचल्या, म्हणजे ३०,००० पुरावे झाले नाहीत. पुरावे तीनच. एकाच जहाजावरून हजार पेट्या उतरल्या, म्हणून हजार जहाजं आली असं कुणी म्हणतं का? पेशींनाच स्वतंत्र नमुने धरल्यामुळे खोटे निष्कर्ष निघतात, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट दाखवलं आहे. तेव्हा 'लाखो पेशींचा अभ्यास' अशी बातमी वाचलीत, तर आधी विचारा, माणसं किती होती?

आणखी एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. "सर, मग माझ्या वडिलांची ही तपासणी का नाही केली?" उत्तर सरळ आहे. निदानासाठी साधी बायोप्सी आणि ती वाचणारा पॅथॉलॉजिस्ट पुरेसा असतो. आज सांगितलेल्या पद्धती मुख्यतः संशोधनाच्या आहेत. कुठला उपचार कुणाला लागू पडेल, हे उद्या कळावं म्हणून. पण त्या उद्यासाठी आज थांबू नका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तीन आठवड्यांत जखम भरली नाही, घास घ्यायला तोंड पूर्वीइतकं उघडेना, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. गाठ लहान असताना पकडली, तर तिच्यात कोण कोण राहतं हे माहीत नसतानाही ती काढून टाकता येते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.