निरोगी दिसणाऱ्या रोपाची झडती

महाबळेश्वर-पाचगणीची सहल स्ट्रॉबेरीशिवाय पुरी होत नाही. मुलांनी मिटक्या मारत खावी आणि मोठ्यांनी भावात घासाघीस करावी! माझा विषय वनस्पतींचे रोग. त्यामुळे माझी नजर फळाआधी पानांकडे जाते. पण ही पाने खरे बोलतात का?

शेतात स्ट्रॉबेरी बियांपासून लावत नाहीत. मूळ रोपाला, म्हणजे मदर प्लांटला, जमिनीवर सरपटणारे रनर फुटतात आणि त्यांच्या पेरांवर नवी रोपे धरतात. आपल्याकडे मदर प्लांट कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणांहून येतात, रोपवाटिकेत त्यांची रोपे वाढतात आणि पाऊस ओसरला की ती शेतात जातात. आईच्या अंगात विषाणू असेल, तर लेकींच्या वाट्याला तो येणारच. शिवाय मावा ही बारीकशी कीड तो रोपारोपांतून फिरवते, ते वेगळेच.

गंमत अशी, की एकच विषाणू असला तर रोप बहुधा हिरवेगार दिसते. दोन-तीन एकत्र आले की मग पाने लहान होतात, वाढ खुंटते, उत्पन्न घटते. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात २०१२-१३ च्या सुमारास हेच झाले. दोन विषाणूंच्या जोडीने मळे खंगले आणि तिथून अमेरिकेत गेलेल्या रोपांतही ते सापडले.

मग हा छुपा पाहुणा ओळखायचा कसा? जुनी युक्ती मोठी सुंदर आहे. रानस्ट्रॉबेरीचे रोप विषाणूला फार हळवे असते. संशयित रोपाचे पान तिच्या देठावर कलम करायचे आणि काही आठवडे वाट पाहायची. विषाणू असला तर रानस्ट्रॉबेरीची पाने पिवळी पडतात, मुरडतात. एकीचे दुखणे दुसरी सांगते!

१९७७ मध्ये क्लार्क आणि ॲडम्स या संशोधकांनी एलायझा ही चाचणी वनस्पतींच्या विषाणूंसाठी वापरून दाखवली. विषाणू असला की प्लास्टिकच्या छोट्या खळग्यातले द्रव पिवळे होते. मात्र स्ट्रॉबेरीच्या पानात विषाणू थोडा असतो आणि पानातली तुरट द्रव्ये कामात अडथळा आणतात. म्हणून पुढे पीसीआर आले. त्यात विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती काढून त्याला पकडतात. आता तर पानातले सगळे जनुकीय द्रव्य वाचून अनोळखी विषाणूही हुडकता येतो.

एवढा खटाटोप कशाला? कारण मळ्यात शिरलेल्या विषाणूवर फवारायला औषध नाही. रोगट रोप उपटणे एवढेच हाती उरते. प्रयोगशाळेत मात्र रोपाला काही आठवडे उष्णता देऊन, शेंड्याचा अगदी सूक्ष्म भाग काचेच्या नळीत वाढवून, विषाणूमुक्त मदर प्लांट करता येते. तेही पुन्हा तपासावेच लागते.

तपासलेले रोप महाग पडते, हे खरे. पण घरचे रनर फुकट म्हणून वर्षानुवर्षे लावत राहिल्यास त्याची किंमत पुढच्या हंगामात मोजावी लागते. म्हणून रोप घेताना ‘दिसते कसे?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कोणत्या विषाणूंसाठी तपासले आणि केव्हा?’ हेही विचारायला हवे.